पॉइंट बदलले की पंधरा दिवस गाडी मस्त, मग परत मिसिंग

पंधरा-वीस दिवस झाले की परत तेच मिसिंग, म्हणजे मध्येच एखादी ठिणगी चुकते आणि इंजिन झटका खातं. पिकअप देताना आधी हलकासा धक्का, मग दोन, मग चढावर गाडी खोकायला लागते आणि आयडलिंगला सायलेन्सरमधून फट फट. बोनेट उघडायचं, डिस्ट्रिब्युटरची (ठिणगीचा करंट प्लगांना वाटणारा डबा) कॅप काढायची, त्यातले सीबी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी टोकं) घासायचे नाहीतर सरळ नवीन टाकायचे, फिलर गेज (ठरावीक जाडीची पाती) घालून पॉइंटमधला गॅप लावायचा, की गाडी एकदम टकाटक. माझ्या जुन्या ४ सिलिंडर गाडीत मी चार महिन्यांत पॉइंटचे पाच सेट टाकले, मध्ये मध्ये नुसते घासून चालवलं ते वेगळंच, आणि दर वेळी हात पुसताना वाटायचं की चला, या वेळी मिटलं.

नंतर डोक्यात प्रकाश पडला तो असा, की पॉइंट हा डिस्ट्रिब्युटरमधला सगळ्यात गरीब प्राणी आहे. चूक कोणाचीही असो, मार हाच खातो. कंडेन्सर (पॉइंटवरचा आर्क थांबवणारा छोटा डबा) गेला तर पॉइंट जळतात, कॅम (फिरून पॉइंट उघडणारा उंचवट्यांचा भाग) कोरडा पडला तर पॉइंटची टाच झिजते, शाफ्ट हलायला लागला तर गॅप बिघडतो, कॉइल (बॅटरीच्या करंटपासून हजारो व्होल्ट करणारी) चुकीची असली तरी काळे पडणार पॉइंटच. आणि यातला फसवा भाग म्हणजे पॉइंट बदलताना तुम्ही न कळत बाकीच्या चार गोष्टी पण तात्पुरत्या नीट करता. गॅप ताजा लागतो, कंडेन्सरचा स्क्रू परत आवळला जातो, वायरींना हात लागून आतली तुटकी तार परत टेकते. गाडी सुधारते, श्रेय जातं नव्या पॉइंटला, आणि खरा चोर आत तसाच बसलेला असतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की परत परत येणारा प्रॉब्लेम असेल तर आधी तो *किती वेळाने* आणि *कधी* परत येतो ते एका वहीत लिहा. मीटर, स्ट्रोब (ठिणगीची वेळ दाखवणारा दिवा) वगैरे नंतर. दहा मिनिटांनी येतो, शंभर किलोमीटरने येतो, पावसात येतो, की फक्त अर्ध्या ॲक्सिलरेटरला येतो, या एका गोष्टीवरून निम्मं निदान होतं.

आधी इग्निशनच आहे का ते बघा. कार्बोरेटरचं बिघडलं की गाडी हळूहळू मरते, ओढ कमी होते, चोक थोडा ओढला तर जरा बरं वाटतं. करंटचं मिसिंग मात्र बटण बंद-चालू केल्यासारखं असतं, कडक आणि अचानक. गाडीत इलेक्ट्रिक आरपीएम मीटर असेल तर फारच सोपं, कारण जुने मीटर कॉइलच्या प्रायमरीवरूनच (बॅटरीकडच्या गुंडाळीवरून) सिग्नल घेतात. मिसिंगच्या क्षणी काटा धपकन खाली पडून परत वर आला तर घोटाळा लो टेन्शन (कमी व्होल्टेजच्या) बाजूला, म्हणजे स्विच, कॉइलच्या बारीक वायरी, पॉइंट, कंडेन्सर, अर्थ (गाडीच्या अंगातून बॅटरीला परत जाणारी जोडणी) यांच्यात. काटा स्थिर आणि गाडी मात्र झटके देतेय तर मग कॅप, रोटर (कॅपच्या आत फिरून एकेका प्लगला करंट देणारा), एचटी (जास्त व्होल्टेजची) वायर, प्लग, किंवा पेट्रोल.

थोडं आत काय चालतं ते सांगतो, माहीत असेल त्यांनी हा परिच्छेद सोडा. ही बॅटरी-कॉइल-पॉइंटची पद्धत चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरची, १९१० च्या आसपास कॅडिलॅक गाड्यांमध्ये आली आणि पुढे हळूहळू बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावरच चालायला लागल्या. पॉइंट बंद असताना कॉइलच्या प्रायमरीतून करंट वाहतो आणि चुंबकत्व साठतं, कॅमने पॉइंट उघडले की करंट तुटतो, ते चुंबकत्व कोसळतं आणि सेकंडरीत वीसेक हजार व्होल्ट तयार होतात. ठिणगी पॉइंट *उघडताना* पडते हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे टायमिंगला (ठिणगी नेमकी कधी पडते त्याला) कामाला येईल. कंडेन्सर पॉइंटला समांतर जोडलेला असतो, साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा, त्याचं काम म्हणजे उघडताना पॉइंटवर आर्क होऊ न देणं आणि करंट झटक्यात तोडणं. तो नसेल तर पॉइंट तर जळतातच, पण ठिणगी पण मरतुकडी पिवळी पडते. फोर स्ट्रोक इंजिनात डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या) निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे ४ सिलिंडरला ३००० आरपीएमवर पॉइंट मिनिटाला ६००० वेळा उघडतात. तासाभरात ३ लाख ६० हजार वेळा. एवढ्या वेळा आपटणाऱ्या वस्तूला दोन थेंब तेल नको का? यावर परत येतो.

आता वेळेवरून निदान.

गाडी थंड असताना छान, दहा-वीस मिनिटांनी गरम झाली की मिसिंग, अर्धा तास उभी केली की परत छान. असं असेल तर पहिला संशय कंडेन्सरवर आणि दुसरा कॉइलवर. रात्री किंवा अंधाऱ्या गॅरेजमध्ये कॅप काढून, इग्निशन चालू ठेवून, इंजिन हाताने फिरवून पॉइंट उघडायला लावा. बारीकशी निळी ठिणगी दिसणं ठीक आहे, पण जाड पिवळसर लखलखाट दिसला तर कंडेन्सर कामातून गेलेला आहे किंवा त्याचं अर्थिंग नीट नाही. कंडेन्सरचं अर्थिंग म्हणजे त्याचं पत्र्याचं अंगच, तो ज्या स्क्रूने बसतो तिथे गंज किंवा रंग असेल तर तो असून नसल्यासारखा. आणि एक गोष्ट मी फार महागात शिकलोय, नवा कंडेन्सर नवा आहे म्हणजे चांगला आहे असं अजिबात समजू नका. डब्यातून काढलेला कोरा कंडेन्सर दोन दिवसांत गेलेला मी पाहिलाय, आणि जुना काढून ठेवलेला मूळचा परत बसवल्यावर गाडी चाललीय. त्यामुळे चालू असलेला कंडेन्सर "सर्व्हिस म्हणून" बदलू नका, तो चालतोय हीच त्याची परीक्षा. कॉइल तपासायची तर गरम असतानाच ओहम बघा, थंड झाल्यावर सगळ्याच कॉइल साधू असतात.

कॉइलचं निघालंच आहे तर हे पण बघून घ्या. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी करणारा रेझिस्टन्स) नसलेल्या १२ व्होल्टच्या गाडीला प्रायमरी साधारण ३ ओहमची कॉइल लागते. बॅलास्टवाल्या गाडीची कॉइल दीड ओहमच्या आसपास असते. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात. आधीच्या मालकाने दीड ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय लावून दिली असेल तर चार्जिंगच्या १३.८ व्होल्टला साडेचार ॲम्पियरच्या जागी नऊ ॲम्पियरपर्यंत करंट जाऊ शकतो, आणि तो सगळा बिचाऱ्या पॉइंटमधून. असे पॉइंट निळे-काळे होऊन दर काही आठवड्यांनी मरतात आणि माणूस पॉइंटच्या कंपनीला शिव्या घालत बसतो. मल्टीमीटर लावायला दोन मिनिटं लागतात, दोन्ही बारीक वायरी काढून मोजा, तेवढ्यात निकाल.

फक्त पावसात, धुक्यात, सकाळच्या दमट हवेत त्रास होत असेल तर आत हातच घालू नका, आधी कॅप आणि वायरी. कॅप काढून उजेडात तिरकी धरून आतून बघा. पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ एका पितळी टोकापासून दुसऱ्याकडे किंवा कडेच्या क्लिपकडे जाताना दिसली तर ते कार्बन ट्रॅकिंग, करंटने स्वतःसाठी काढलेली पायवाट. कितीही घासा, ती परत येते, कॅप बदला. कधी कधी ती रेघ म्हणजे केसाएवढी चीर असते. मधला कार्बनचा ब्रश आत-बाहेर सहज होतो का बघा, तो अडकला किंवा झिजून गेला की कॉइलचा करंट रोटरपर्यंत उडी मारून जातो आणि रोटरच्या मधोमध जळल्याची खूण दिसते. अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर वायरींवर निळ्या मुंग्या चालताना दिसतील, दिसल्या तर वायरी बदला. हात लावून बघायचा मोह आवरा, आणि पेसमेकर असलेल्यांनी तर चालू इंजिनच्या एचटी वायरींजवळ जायचंच नाही.

रोटर हा छुपा रुस्तम. बाहेरून चकचकीत, आणि आतून शाफ्टला करंट गळतोय. काही नव्या बनावटीच्या रोटरमध्ये वरची पितळी पट्टी बसवायला जी रिव्हेट असते ती खाली शाफ्टच्या फार जवळ जाते आणि मधलं प्लास्टिक तेवढं व्होल्टेज झेलत नाही. तपासायची पद्धत: कॅप काढा, रोटर जागेवर ठेवा, कॅपमधल्या मधल्या भोकातली कॉइलची जाड वायर काढून तिचं टोक इन्सुलेटेड पकडीने रोटरच्या पितळी मध्यापासून तीन-चार मिलिमीटरवर धरा, इग्निशन चालू करून पॉइंट इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरने उघड-बंद करा. दर वेळी खणखणीत ठिणगी रोटरवर उडायला लागली तर ती कुठेतरी जातेय, आणि जायला शाफ्टशिवाय जागा नाही. रोटर फेकून द्या. आणि काही रोटरमध्ये मुद्दाम रेझिस्टर टाकलेला असतो, बॉशचे बरेचसे ५ किलोओहमचे येतात, तेव्हा मीटरवर टोकापासून टोकापर्यंत रेझिस्टन्स दिसला म्हणून लगेच खराब ठरवू नका, आधी त्यावर लिहिलंय का वाचा.

आता माझा प्रकार, म्हणजे काहीशे किलोमीटरनी परत येणारा.

यात पहिली पायरी म्हणजे गॅप मोजून लिहून ठेवणं. पॉइंट बसवताना ०.४० मिमी लावला होता, त्रास सुरू झाल्यावर *काहीही न हलवता* परत मोजा. कमी झाला असेल तर टाच झिजतेय. ही फायबरची टाच कॅमवर घासत असते, आणि कॅमवर ग्रीस नसेल किंवा कॅमवर गंजाचे ठिपके असतील तर तो कॅम कानशीसारखा तिला खातो. टाच झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी उशिरा पडते म्हणजे टायमिंग मागे जातं, गाडी गरम होते, ओढत नाही. तुम्ही गॅप परत लावता, टायमिंग आपोआप पुढे येतं, गाडी खूश. पंधरा दिवसांनी परत. ग्रीस किती? काडीच्या टोकावर मावेल एवढंच, आणि ते गरम झाल्यावर न वितळणारं, डिस्ट्रिब्युटर कॅमसाठीचंच. बेअरिंगचं ग्रीस बोटभर लावलंत तर ते उडून पॉइंटवर बसेल आणि मग नवाच खेळ सुरू. टाच ज्या बाजूने कॅमवर येते त्या बाजूला ग्रीस लावा म्हणजे फिरताना ते आत ओढलं जातं, उलट बाजूला लावलंत तर पहिल्याच चकरेत पुसून जाईल.

माझ्याकडे गॅप थोडाच कमी झालेला असायचा, ०.४० चा ०.३६ वगैरे, त्यात एवढे धक्के बसायला नकोत. म्हणजे अजून काहीतरी होतं.

मग मी जे करायला पाहिजे होतं ते पहिल्यांदा केलं, व्होल्टेज ड्रॉप मोजला. ज्याच्याकडे साधं मल्टीमीटर आहे त्याने ही टेस्ट पाठ करावी. इंजिन हाताने फिरवून पॉइंट बंद अवस्थेत आणा, इग्निशन चालू करा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला आणि दुसरं बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलला. आकडा ०.२ व्होल्टच्या आत पाहिजे. जास्त आला तर करंटला घरी जायच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे, पॉइंटच्या तोंडावर, बेस प्लेटवर (पॉइंट ज्यावर बसतात ती), डिस्ट्रिब्युटर आणि इंजिनच्या मध्ये किंवा इंजिनच्या अर्थ पट्टीत. मीटरचं अर्थचं टोक बॅटरीवरून इंजिनवर, मग डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर, मग बेस प्लेटवर असं सरकवत न्या, जिथे आकडा एकदम उतरतो त्याच्या आधीचा सांधा चोर. एक मात्र, हे करताना इग्निशन पाच-सात मिनिटं तसंच चालू सोडू नका, पॉइंट बंद असताना कॉइल भाजते.

माझा आकडा आला ०.१५. उत्तम! मी निराश झालो, कारण आता सगळं बरोबरच दिसत होतं. मीटर तसंच लावलेलं होतं, काय वाटलं कुणास ठाऊक, व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या डब्याची) रबरी नळी कार्बोरेटरवरून काढून तोंडात धरली आणि जोरात ओढली. बेस प्लेट फिरली, आकडा ०.१५ वरून एकदम २ च्या वर, सोडली की परत ०.१५. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. मी त्या गॅरेजमध्ये एकटाच मोठ्याने हसलो.

झालं होतं असं, की पॉइंट ज्या प्लेटवर बसतात ती प्लेट व्हॅक्यूमने थोडी फिरते, आणि तिला बॉडीशी जोडणारी एक इंचभर लांबीची, कापडी आवरणाची बारीक अर्थ वायर असते. बाहेरून कापड धडधाकट, आतल्या तारा एकेक करत तुटलेल्या. प्लेट एका जागी असताना टोकं टेकतात, फिरली की सुटतात. आता वहीतली नोंद परत वाचली तर तिथे स्पष्ट लिहिलेलं, "अर्ध्या ॲक्सिलरेटरला, सपाट रस्त्यावर जास्त". व्हॅक्यूम ॲडव्हान्स सगळ्यात जास्त ओढतो तो तेव्हाच! आणि दर वेळी पॉइंट बदलताना माझा हात त्या वायरला लागत होता, ती परत जरा सरळ होत होती आणि मला पंधरा दिवस मिळत होते.

ही वायर बदलताना घरात पडलेली कुठलीही वायर लावू नका. साधी वायर कडक असते, ती प्लेटला नीट फिरू देत नाही आणि काही हजार किलोमीटरमध्ये वाकून वाकून तुटते. मल्टीमीटरच्या चांगल्या लीडमध्ये जी मऊ सिलिकॉनची, खूप बारीक तारांची वायर असते ती उत्तम. पॉइंटपासून बाहेर जाणाऱ्या लो टेन्शन वायरचं पण हेच, ती पण प्लेटबरोबर वाकते, तिला पण ओढून बघा, रबरासारखी लांबली तर आत तार नाहीच.

त्याच वेळी व्हॅक्यूमचा डबा पण तपासला गेला. नळी ओढून जीभ लावून धरली तर प्लेट तिथेच थांबली पाहिजे. हळूहळू परत आली तर आतला पडदा फाटलाय, मग सपाट रस्त्यावर पेट्रोल जास्त जाणार आणि वर त्या नळीतून इंजिन फुकटची हवा पण ओढणार.

एवढं झाल्यावर धक्के गेले. पण आयडलिंग अजून जरा लंगडं होतं, आणि स्ट्रोब लावला तर टायमिंगची खूण एका जागी उभी राहीना, पुढे-मागे नाचत होती. आता इथे मी शहाणा झालो होतो, पॉइंटला हात लावला नाही. ड्वेल मीटर लावला. ड्वेल म्हणजे कॅम फिरताना पॉइंट किती अंश बंद राहतात ते. ४ सिलिंडरला एका ठिणगीच्या वाट्याला ९० अंश येतात, त्यातले साधारण ५० ते ६० अंश बंद असतात, ल्युकसच्या २५डी डिस्ट्रिब्युटरला ६० च्या आसपास, बॉशच्या बऱ्याच डिस्ट्रिब्युटरना ५० च्या आसपास, तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. माझा आयडलिंगला ५९ आणि २५०० आरपीएमला ५३. दोन-तीन अंशांचा फरक चालतो, सहा नाही.

वेग वाढल्यावर गॅप आपोआप का बदलेल? कारण शाफ्टच जागेवर नाहीये. बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती बाही) झिजलं की शाफ्ट भोकात डुलतो, आणि तुम्ही फिलर गेजने कितीही नाजूकपणे ०.४० लावा, फिरताना तो कुठे असेल ते त्यालाच माहीत. घरी तपासायचं तर पॉइंट कॅमच्या उंचवट्यावर पूर्ण उघडे ठेवा, कॅम बोटांनी पॉइंटच्या दिशेने ढकलून गॅप मोजा, मग उलट दिशेने ओढून मोजा. माझ्याकडे ०.४६ आणि ०.३३ आला. म्हणजे मी जो ०.४० लावत होतो त्याला तसा काही अर्थच नव्हता. यात अजून एक गंमत, ड्वेल एक अंश हलला की क्रँकवर टायमिंग साधारण एक अंश हलतं, तेव्हा माझं टायमिंग नुसत्या या डुलण्यानेच पाच-सहा अंश नाचत होतं.

बुश का झिजलं याचं उत्तर रोटर उपटल्यावर मिळालं. रोटरच्या खाली, कॅमच्या डोक्यावर फेल्टचा छोटा गोल तुकडा किंवा एक स्क्रू असतो. तिथे इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब टाकायचे असतात, ते झिरपत कॅम आणि शाफ्टच्या मध्ये जातात. बेस प्लेटच्या फटीतून खाली वजनांवर (वेग वाढला की ठिणगी लवकर आणणारी) पण दोन थेंब, आणि बॉडीला बाहेरून तेलाचं भोक असेल तर तिथेही. माझं फेल्ट लाकडासारखं कडक झालं होतं, किती वर्षं कोणी तेल दाखवलं नव्हतं देव जाणे, पाच सेट बदलणाऱ्या मीसुद्धा नाही. दर ५००० किलोमीटरला दोन थेंब. जास्त नको, जास्त तेल पॉइंटवर येऊन जळतं आणि खाली प्लेटवर काळा पट्टा सोडून जातं.

रोटर काढलाच आहे तर वजनं पण बघा. रोटर परत बसवून फिरायच्या दिशेने बोटांनी थोडा पिळा आणि सोडा, स्प्रिंगने टुणकन परत आला पाहिजे. चिकटून राहिला तर वजनं गंजलीयत, गाडीला वरच्या वेगाला ॲडव्हान्स मिळत नाही. खाली दोन स्प्रिंग असतात आणि बऱ्याचदा त्यातली एक जाड आणि ढिली दिसते, खुंटीवर लोंबकळत. ती झिजलेली नाही! ती तशीच असते, ठरावीक वेगानंतर कामाला लागण्यासाठी. तिला वाकवून घट्ट करणारे हुशार लोक असतात, तसं करू नका, सगळा ॲडव्हान्स बिघडतो.

डिस्ट्रिब्युटर बाहेर काढताना आधी इंजिन १ नंबरच्या टायमिंगच्या खुणेवर आणा, रोटर कुठे बघतोय ते बॉडीवर आणि बॉडी इंजिनवर कुठे बसलीय ते, दोन्ही खुणा करा, फोटो काढा. खाली तिरके दात असलेला गिअर असेल तर काढताना रोटर थोडा फिरतो, तो फिरून *कुठे* थांबला ती पण खूण करा, बसवताना तिथूनच सुरुवात करायची. खाली एकाच बाजूला सरकलेली खाच असेल तर ते एकाच प्रकारे बसतं, डोक्याला ताप नाही. बाहेर असताना क्रँकला हात लावायचा नाही, घरातल्या कोणालाही "जरा स्टार्टर मार" म्हणायचं नाही.

नवं बुश सच्छिद्र ब्राँझचं असतं, बसवायच्या आधी २४ तास पातळ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचं, म्हणजे ते तेल पिऊन बसतं. आणि बसवल्यावर आतून रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) मारायचा नाही, त्याची छिद्रं बुजतात आणि सगळा फायदाच जातो. मी हे लेथवाल्याला लिहून दिलं होतं, तरी त्याच्या हातात रीमर दिसलाच, वेळेवर ओरडलो म्हणून वाचलं. शाफ्टच झिजलेला असेल तर नुसतं बुश पुरत नाही, हे आधीच मायक्रोमीटरने बघून घ्या.

परत जोडताना क्रम महत्त्वाचा: *आधी गॅप, मग टायमिंग*. उलटं केलंत तर गॅप लावताना टायमिंग परत हलणार. नव्या पॉइंटच्या तोंडावर गंजू नये म्हणून तेलाचा थर असतो तो स्पिरिटने पुसा, फिलर गेजची पाती पण पुसूनच घाला, तेलकट पातीने पॉइंट पहिल्याच दिवशी काळे होतात. जुने खड्डा-उंचवटा पडलेले पॉइंट फिलर गेजने कधीच नीट मोजले जात नाहीत, पाती उंचवट्यावर टेकते आणि खरा गॅप जास्त असतो, तिथे ड्वेल मीटरच पाहिजे. पॉलिश पेपरने घासू नका, त्याचे कण तोंडात रुततात, बारीक कानस वापरा. पॉइंटच्या खुंटीवर वायरी लावताना प्लास्टिकचे वॉशर जागच्या जागी गेले पाहिजेत, कॉइलची आणि कंडेन्सरची दोन्ही टोकं स्प्रिंगला टेकली पाहिजेत पण खुंटीला नाही. हे चुकलं की ठिणगी शून्य, आणि माणूस रात्री अकरापर्यंत कॉइल बदलत बसतो. अनुभवाचे बोल आहेत.

टायमिंगसाठी टेस्ट लॅम्प कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला आणि अर्थला लावा, इग्निशन चालू, क्लॅम्प ढिला, बॉडी हळू फिरवा, दिवा लागला तो क्षण म्हणजे पॉइंट उघडले. नंतर स्ट्रोबने पक्कं करा, तेव्हा व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायला विसरू नका.

पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट टाका, कटकट मिटेल, हा सल्ला मिळणारच. वाईट नाही. क्रायसलर, जनरल मोटर्स वगैरेंनी १९७० च्या दशकातच पॉइंट सोडून दिले ते उगीच नाही. किटमुळे टाच झिजणं आणि पॉइंट जळणं जातं. पण झिजलेल्या बुशमध्ये किट टाकलं तर टायमिंग तसंच नाचतं, आणि बेस प्लेटवरून जाणारी किटची वायर पण त्याच जागी वाकून तुटते. शिवाय बरीच किट इग्निशन चालू आणि इंजिन बंद असं ठेवलं की भाजून मरतात. आधी आतलं नीट करा, मग हवं तर टाका.

माझी गाडी त्यानंतर ४२०० किलोमीटर चाललीय. ड्वेल आयडलिंगला ५९, २५०० ला ५८. गॅप लावला होता ०.४०, काल मोजला ०.३८, घासले पण नाहीत. काढून टाकलेले पाचही जुने सेट डब्यात होते, ते भिंगाखाली धरून बघितले तर त्यातले तीन अजून चांगले आहेत. एक पुसून, कंडेन्सरसकट, गाडीच्या टूलकिटमध्ये टाकलाय.